सहल कुणाच्या जिवावर?

मे महिन्याच्या परदेश सहलीवरून पुण्यातल्या घरांत दिवाळीच्या सुमारासच वाद सुरू होतात. लवकर बुकिंगची सवलत तेव्हाच असते ना! पेपरात पानभर जाहिरात येते. मागे बर्फाचे डोंगर, पुढे तीन पिढ्यांचं हसरं कुटुंब आणि ठळक टाइपात माणशी आकडा. आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी असते आणि तिचा खुलासा पानाच्या तळाशी, चष्मा पुसून वाचावा लागेल इतक्या बारीक अक्षरांत.

या वादातली दोन माणसं मी इथे समोरासमोर बसवली आहेत. आत्या बँकेतून निवृत्त झालेली आणि ग्रुप टूरची जुनी गिऱ्हाईक. भाचा हिंजवडीत नोकरीला, कुठेही निघायचं म्हटलं की आधी एक्सेल शीट उघडणारा. अशी जोडी कोथरूडपासून कात्रजपर्यंत कुठल्याही सोसायटीत सापडेल. बेत आहे युरोपचा, दोन आठवड्यांचा. माणसं सहा: भाच्याचे आईवडील, म्हणजे आत्याचे दादा-वहिनी, भाचा, त्याची बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. टूर मॅनेजरसह ‘प्रीमियम’ सहल घ्यायची, की आपलं आपण जायचं?

भाचा : आत्या, माणशी चार लाख धर, मुलांचे थोडे कमी. वर पाच टक्के जीएसटी. तेवीसच्या आसपास जातं. मी स्वतः आखलं तर सोळा-सतरात बसवतो. वरचे सहा लाख कशाचे? झेंडा धरून पुढे चालणाऱ्या माणसाचे?

आत्या : तो झेंडेवाला तुझ्या बापाला टॉयलेट कुठे आहे ते सांगतो. हिशेब तिथून सुरू कर.

भाचा : ते गूगल सांगतं.

आत्या : गूगलला विचारणार कोण? दादा? त्याला साधा व्हॉट्सॲपचा फोटो मोठा करून बघता येत नाही. आणि जीएसटीसोबत टीसीएसही कापतील, तो धरलास का? ऑक्टोबर २०२०पासून परदेशी पॅकेजवर लागतो. दर सरकारनं सारखे बदललेत, तो आधी विचारून घे. पण तो खर्चात धरू नकोस. रिटर्न भरलं की करात वळता होतो, नाहीतर परत येतो. फक्त तोवर पैसे अडकतात.

भाचा : धरला होता. खर्चातच धरला होता.

आत्या : म्हणजे शीट चुकली.

भाचा : मुळात हा झेंड्याचा प्रकार विलायती आहे. ५ जुलै १८४१ला थॉमस कुक नावाच्या माणसानं लेस्टरहून लॉफबरोला पाचशेएक माणसं आगगाडीनं नेली. दारूबंदीच्या सभेला. भाडं एक शिलिंग. त्या लोकांनी गावाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, त्यांना कुणीतरी धरून न्यायलाच हवं होतं. माझ्या मुलीला अकराव्या वर्षी मेट्रोचं तिकीट मोबाइलवर काढता येतं.

आत्या : विलायती कशाला? आळंदीहून निघणाऱ्या दिंडीचं काय? अडीचशे किलोमीटरची वाट. वारकरी भिशी भरतो. मग सामान ट्रकमध्ये, मुक्कामाला राहुट्या ठोकलेल्या, जेवण शिजलेलं, पुढे पताकावाले. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा जाऊन बघ कधी. भिशी भरणाऱ्याला कुणी म्हणत नाही, तुझी वारी खोटी.

भाचा : अगं, पण चालतो तो स्वतःच. तुझ्या टूरमध्ये सगळं बसच्या खिडकीतून.

आत्याचं उत्तर हुशारीचं आहे, पण भाच्याचा टोलाही जागी लागतो. मराठी माणसाच्या ग्रुप टूरचा इतिहास मात्र आत्याच्या बाजूचा आहे. काशी-रामेश्वराला जथ्यानं जाण्याची रीत जुनीच. नाशिकच्या चौधरी यात्रा कंपनीसारख्यांनी तिला व्यवसायाचं रूप दिलं. १९८४मध्ये केसरीभाऊ पाटलांनी ‘केसरी’ काढली आणि २०१३मध्ये त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी ‘वीणा वर्ल्ड’. या मंडळींनी एक गोष्ट नेमकी ओळखली. मध्यमवर्गीय मराठी माणूस परदेशाला घाबरत नव्हता. तो घाबरत होता चारचौघांत फजिती होण्याला. इंग्रजी अडलं तर, जेवायला काय मागवायचं ते कळलं नाही तर, सरकत्या जिन्यावर बायको मागे राहिली तर. पंचतारांकित हॉटेल त्याला नंतर सुचलं. आधी हवा होता आपल्या भाषेत ‘काका, इकडून’ म्हणणारा कुणीतरी. बायकांच्या खास सहली चालल्या त्याचं मर्मही माझ्या मते इथेच आहे. घरातल्या कुणालाही ‘येऊ का’ विचारावं न लागता जाता येणं, याची किंमत पुण्या-मुंबईच्या बायकांनी आनंदानं मोजली.

भाचा : बरं, गाइडेड एक वेळ मान्य. पण ‘प्रीमियम’ म्हणजे काय? माहितीपत्रक वाचलंस? पॅरिस लिहिलंय, हॉटेलचं नाव नाही, फक्त ‘किंवा तत्सम’. म्हणजे विमानतळाच्या बाजूला टाकलं तरी पॅरिसच. लुव्रपुढे लिहिलंय ‘फोटो स्टॉप’. पंधरा मिनिटं त्या काचेच्या पिरॅमिडसमोर उभं राहायचं आणि परत बस.

आत्या : सगळ्यांनाच चित्रं बघायची नसतात रे.

भाचा : पण माझ्या मुलीला बघायचीत. ती चित्रं काढते. आणि लुव्रमध्ये अठरा वर्षांखाली तिकीटच नाही. स्वित्झर्लंडमध्ये आईबापांकडे तिथला ट्रॅव्हल पास असला, की सोळा वर्षांखालची मुलं फॅमिली कार्डावर फुकट फिरतात. पॅकेजमध्ये मी त्याच मुलांचे जवळजवळ मोठ्यांएवढे पैसे भरतो. ती सवलत कुठे जाते?

आत्या : लुव्र मंगळवारी बंद असतं.

भाचा : शीटमध्ये आहे.

आत्या : रंग कुठला दिलायस?

भाचा : लाल.

आत्याला इथे हसू येतं, आणि मला भाच्याबद्दल थोडी आपुलकी वाटते. स्वतः सहल आखणाऱ्या माणसाला सहल दोनदा मिळते, एकदा महिनाभर टेबलाशी बसून आणि एकदा प्रत्यक्ष. हा आनंद पॅकेज घेणाऱ्याच्या वाट्याला येत नाही आणि तो कुठल्याच हिशेबात धरलेला नसतो.

‘नुसती पळापळ होते’ ही ग्रुप टूरची कायमची तक्रार. तिचं खापर टूर मॅनेजरवर फुटतं, पण कारण बरेचदा बसच्या स्टिअरिंगमागे बसलेलं असतं. युरोपियन युनियनचा नियम असा, की चालकानं दिवसाला साधारण नऊच तास गाडी चालवायची. साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबायचं आणि रात्री सलग विश्रांती घ्यायची, एरवी अकरा तासांची. त्याची नोंद गाडीतलं यंत्र ठेवतं आणि मोडल्यास दंड होतो. म्हणून सकाळी आठ म्हणजे आठ. संध्याकाळी रोषणाई बघायला अर्धा तास जास्त मागितला, तर दुसऱ्या दिवसाचं निघणं पुढे जातं. चाळीस माणसांत दोघं खरेदीत रमले, तर उरलेल्या अडतीस जणांची नदीतली फेरी हुकते. सीट रोटेशनवरून होणारी कुजबुज वेगळीच. बस एका चालकाच्या घड्याळावर चालते आणि तेवीस लाख भरणाऱ्यालाही ते घड्याळ विकत घेता येत नाही.

भाचा : मग सात वर्षांच्या पोराचं काय? त्याला चौकात कबुतरांच्या मागे तासभर पळायचं असतं. त्याला उचलून बसमध्ये टाकायचं, तो रडणार, पुढच्या सीटवरचे काका वळून बघणार. दोन आठवडे मी माझ्याच मुलाला ‘गप बस’ म्हणायला तेवीस लाख देऊ?

आत्या : ते मात्र खरं. आमच्या एका टूरमध्ये एक लहान मूल होतं, त्याची आई सगळ्या प्रवासभर सगळ्यांना सॉरी म्हणत होती.

भाचा : आणि बाबांच्या गुडघ्यांसाठी ग्रुप बरा असं तुला वाटतं. पण फ्लॉरेन्सच्या जुन्या गावठाणात मोठी बस शिरत नाही. लांब उतरायचं आणि दगडी फरशीवरून चालायचं. व्हेनिसमध्ये चारशेच्या आसपास पूल आणि बहुतेकांना पायऱ्या. मी असलो तर म्हणेन, बाबा, तुम्ही इथे कॉफी घेत बसा. ग्रुपमध्ये ते भिडेखातर चालत राहतील.

आत्या : चालतील. दादा मेला तरी ‘दमलो’ म्हणायचा नाही.

इथवर भाचा पुढे आहे. पण आत्या बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासत आलेली बाई, न लिहिलेला खर्च शोधायची तिला सवय.

आत्या : तुझी शीट दाखव. हे काय, ‘अपार्टमेंट, स्वयंपाकघरासह’?

भाचा : हॉटेलच्या दोन-तीन खोल्यांपेक्षा स्वस्त पडतं. शिवाय आईला बाहेरचं रोज चालत नाही, शुगर आहे. रात्री घरी खिचडी, सकाळी पोहे. जेवणाचेच दीड-दोन लाख वाचतात.

आत्या : खिचडी कोण करणार?

भाचा : करू की सगळे मिळून.

आत्या : सगळे मिळून म्हणजे कोण? इथे पुण्यात सगळे मिळून करता?

भाचा : …

आत्या : सकाळी सहाला उठून पोरांना तयार करणार कोण? दादाच्या गोळ्या, वहिनीच्या गोळ्या, सहा पासपोर्ट, थर्मास, ओले मोजे? दिवसभर तू मोबाइलमध्ये रस्ता शोधत पुढे, आणि मागे राहिलेली माणसं गोळा करत तुझी बायको. मग रात्री त्या स्वस्त अपार्टमेंटमध्ये कुकर. तुझ्या सहा लाखांतले दोन तिच्या हातचे आहेत. ते तू वाचवलेले नाहीस, तिच्याकडून घेतलेस. आणि तिला मे महिन्यात रजा किती आहे?

भाचा : दोनच आठवडे. वर्षातली तेवढीच मोठी.

माझं माप या प्रश्नापाशी ठरतं. टूर मॅनेजर प्रत्येक कौटुंबिक सहलीत असतोच. कंपनीचा नसला तर घरातला, आणि घरातला असला तर बहुधा घरातली. तिला पगार नाही, टिप नाही आणि सहल संपल्यावर ‘मजा आली ना?’ असं विचारणारी फीडबॅकची चिठ्ठीही नाही. पॅकेजची किंमत विमानाच्या तिकिटांशी ताडून बघणारे हा पगार शून्य धरतात. त्यामुळे आपलं आपण जाणं नेहमीच स्वस्त दिसतं.

भाचाही लगेच हार मानणारा नाही.

भाचा : ठीक आहे. पण जबाबदारी कंपनीकडे सोपवतो म्हणतेस, ती कंपनी बुडाली तर? कॉक्स अँड किंग्ज १७५८पासूनची. ऑक्टोबर २०१९मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच्याच आधी, २३ सप्टेंबरला, इंग्लंडची थॉमस कुक कोसळली. तिथल्या दीड लाख पर्यटकांना त्यांच्या विमान वाहतूक प्राधिकरणानं घरी आणलं, कारण पॅकेज विकणाऱ्याला तिथे आधीच संरक्षण निधीत भर घालावी लागते. आपल्याकडे पर्यटन मंत्रालयाची मान्यतासुद्धा ऐच्छिक आहे.

आत्या : भारतातली थॉमस कुक वेगळी कंपनी, ती चालू राहिली. पण तुझा मुद्दा बरोबर. म्हणूनच सगळे पैसे दिवाळीत भरायचे नाहीत. सवलतीच्या पाच-दहा हजारांसाठी सहा महिने आधी वीस लाख बिनव्याजी देणं म्हणजे आपणच कंपनीला कर्ज देणं, तेही तारणाशिवाय. आणि काही बिनसलं, तर २०१९च्या ग्राहक कायद्यानं पुण्यातच तक्रार करता येते, आपण राहतो तिथे. कंपनीचं ऑफिस मुंबईत असलं तरी.

भाचा : आणि करोनात? कितीतरी कंपन्यांनी पैसे परत द्यायच्या ऐवजी क्रेडिट नोट हातात ठेवली.

आत्या : ठेवली. तू काढलेल्या हॉटेलांनी तरी सगळे परत दिले असते का?

करोनाचा विषय पुण्यात निघाला की ९ मार्च २०२० आठवतो. राज्यातले पहिले दोन रुग्ण त्या दिवशी पुण्यात सापडले, आणि ते दुबईच्या ग्रुप टूरहून परतलेले होते. सोबत चाळीसेक माणसं. ग्रुपच्या विरोधात याहून मोठा पुरावा काय हवा, असं भाचा म्हणू शकतो. पण त्या चाळीस जणांची यादी तयार होती. नावं, पत्ते, फोन सगळं. आरोग्य खात्याला एकेका जिल्ह्यात माणसं शोधता आली ती त्यामुळे. दुसऱ्या दिवशी बाधित निघालेल्यांत त्या दोघांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीचालकही होता. संकटात ग्रुप हा धोकाही असतो आणि आधारही, आणि दोन्ही एकाच यादीतून येतात.

एक विसंगती मात्र मला गमतीची वाटते, जरा काळजीचीही. ज्या स्वित्झर्लंडमध्ये गाड्यांचं वेळापत्रक मिनिटाला पक्कं, फलक वाचता येणारे, नळाचं पाणी पिण्याजोगं, तिथे जाताना आपण मार्गदर्शकासाठी लाखो मोजतो. आणि साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला विमानानं उतरून दुसऱ्याच दिवशी त्याहून हजार-दोन हजार मीटर उंच खिंडीत जायला निघतो, तेही भाड्याच्या गाडीनं, आईवडिलांना घेऊन. केदारनाथही लेहएवढंच उंच. विरळ हवेत कुणाला दम लागतोय, कुणाचं डोकं दुखतंय, कुणाला खाली आणायला हवं हे ओळखणारा जाणता माणूस तिथे सोबत हवा. दादांच्या वयाच्या माणसासाठी लडाखला दिलेले टूर मॅनेजरचे पैसे स्वित्झर्लंडच्या इंटरलाकेनला दिलेल्या पैशांपेक्षा जास्त वसूल होतात. पण जाहिरात बर्फाची असते, ऑक्सिजनची नसते.

असो, बेत युरोपचाच आहे. भाच्यानं शेवटी आतल्या खोलीकडे बघून विचारलंच.

भाचा : तुला काय वाटतं?

बायको : मला टूर मॅनेजर हवा. सकाळी आठची बस नको. आणि कुकर बॅगेत घालायचा नाही.

आत्या : हे तिसरंच झालं.

भाचा : नाही, थांब. आपण सहा आहोत. दोघंच असते, तर गाडी-चालक परवडला नसता, ग्रुपशिवाय गत्यंतर नव्हतं. सहा जणांत नऊ आसनी व्हॅन वाटली, तर माणशी फार जात नाही. कंपनीकडून विमान, व्हिसा आणि गावातली हॉटेलं घ्यायची. रोम आणि पॅरिसमध्ये एकेक दिवस तिथला गाइड. मधल्या दोन शहरांदरम्यान रेल्वे, मुलांना मजा.

आत्या : व्हिसा त्यांच्याकडेच दे. फॉर्म, बँकेचे कागद, अपॉइंटमेंट, सहा जणांचं ते काम दमवतं. फक्त एक लक्षात ठेव, शेंगेनचा व्हिसा देणारा दूतावास, कंपनी नव्हे. जून २०२४पासून मोठ्यांना नव्वद युरो फी, आणि नाकारला तरी ती परत नाही.

भाचा : मग खर्च किती होईल? एकोणीस-वीस?

आत्या : होईल. तुझ्या सोळापेक्षा जास्त, त्यांच्या तेवीसपेक्षा कमी. पण मला विचारशील तर अजूनही दादा-वहिनींना ग्रुपनं पाठवावं. तिथे त्यांच्या वयाची माणसं भेटतात. तुमच्याबरोबर चौदा दिवस ते पोरांचे बेबीसिटर होतील, आणि तेही ‘दमलो’ म्हणणार नाहीत.

भाचा : आत्या, मग ती कौटुंबिक सहल कशी?

आत्या : ते दादालाच विचार की. आतापर्यंत कुणी विचारलंय?

बायको : मी विचारलं होतं. बाबा म्हणाले, तुम्ही ठरवाल ते.

आत्या : म्हणजे ‘नको’.

हे भाषांतर आत्याइतकं बिनचूक कुणी करू शकलं नसतं. मला स्वतःला या घरासाठी व्हॅनवाला मार्ग पटतो, कारण सात वर्षांचा मुलगा आणि सत्तरीतले गुडघे दोघांनाही मधेच थांबायचं असतं. दादा-वहिनी दोघंच निघाले असते, तर मी आत्यासोबत ग्रुपच्या बाजूनं उभा राहिलो असतो. ‘प्रीमियम’ या शब्दाचे जादा पैसे मात्र, हॉटेलांची नावं, ग्रुपमधली माणसं किती आणि लुव्रपुढे ‘प्रवेश’ की ‘फोटो स्टॉप’, हे लेखी मिळाल्याशिवाय मी दिले नसते.

आत्या : आणि पुणे ते मुंबई विमानतळ? सगळी पॅकेजं मुंबईहून सुरू होतात.

भाचा : ते मी बघतो. पहाटेचं विमान आहे, आदल्या संध्याकाळी सहाला गाडी सांगतो.

आत्या : चारला सांग. मे महिना, शनिवार, खंडाळ्याचा घाट. तिथे अडकलात तर शिव्या कंपनीला नाही, तुलाच.